गुडघ्यातली नवी दोरी

मुलांनो, कबड्डीत चढाईला गेलेला गडी कसा वळतो, ते कधी नीट पाहिलंय का? एखाद्याला हात लावला, की एका पायावर गर्रकन फिरून तो मध्यरेषेकडे झेपावतो. खो-खोत पळणारा भिडू खांबाला वळसा घालतो. बॅडमिंटन खेळणारी मुलगी उंच उडी मारून फटका हाणते आणि एका पायावर खाली येते. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडतं. त्या क्षणी सारा भार येतो गुडघ्यावर, आणि गुडघ्याच्या आत बसलेल्या एका छोट्याशा दोरीवर.

ही दोरी जेमतेम ३ सेंटीमीटर लांब आणि साधारण १ सेंटीमीटर जाड असते. तुमच्या करंगळीची दोन पेरंच म्हणा ना! पण ती तुटली, तर खेळाडूचं जवळजवळ अख्खं वर्ष तिच्यापायी जातं. हल्ली ऑपरेशन करून तिच्या जागी नवी दोरी बसवता येते. मग ऑपरेशन झालं म्हणजे गुडघा बरा झाला का? पुन्हा मैदानात कधी उतरायचं? घाई केली तर काय होतं? आज हेच समजून घेऊ या. वाचताना आईबाबांनाही शेजारी बसवा, कारण यातले काही निर्णय त्यांना घ्यावे लागतात.

फुलीसारख्या दोन दोऱ्या

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकलेले असते. समोर झाकण म्हणून असते ती वाटी. गंमत अशी, की मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलसर असते आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. सपाट पाटावर दोन लिंबं ठेवली तर काय होईल? घरंगळतील! तसे होऊ नये म्हणून ही दोन हाडे चार मजबूत पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. डॉक्टर आणि खेळाडू मात्र सरसकट ‘लिगामेंट’च म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू.

चारपैकी दोन लिगामेंट गुडघ्याच्या दोन बाजूंना असतात. उरलेली दोन सांध्याच्या आत, एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. उजव्या हाताचे मधले बोट तर्जनीवर चढवून पाहा. झाली फुली! या दोनपैकी पुढचे लिगामेंट म्हणजे ‘अँटीरियर क्रूशिएट लिगामेंट’. नाव केवढं लांबलचक! म्हणून त्याला थोडक्यात ‘एसीएल’ म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा नको तेवढा पिरगळू न देणे, ही त्याची दोन कामे.

दोन हाडांच्या मधे कुर्चेच्या दोन गाद्याही असतात. त्या हादरे सोसतात. त्यांची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

‘टक्’ असा आवाज

तुम्हाला वाटेल, एसीएल तुटते ती कुणीतरी जोरात धडकल्यामुळे. पण बहुतेक वेळा तसे नसते. धावता धावता एकदम थांबणे, पाय जमिनीत रोवून वळणे, उडीनंतर गुडघा ताठ ठेवून उतरणे, अशा वेळी कुणाचा धक्काही न लागता ती तुटते. अनेकांना आतून ‘टक्’ असा आवाज आल्यासारखे वाटते. काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. थोड्या दिवसांनी सूज ओसरते, चालता येऊ लागते. पण जिना उतरताना किंवा वळताना गुडघा अचानक ‘सटकतो’.

अशा वेळी खेळ तिथेच थांबवायचा. कापडात गुंडाळलेला बर्फ लावायचा, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचे. गुडघा ओढून, चोळून ‘बसवून’ घ्यायचा नाही. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला, म्हणजे काही झालेलं नाही’ असा अर्थ काढू नये. हाडांचे डॉक्टर नडगी हाताने पुढे ओढून गुडघा किती सैल आहे ते पाहतात. मग लागली तर एमआरआय तपासणी सांगतात.

ती आपोआप का जुळत नाही?

हात मोडला तर प्लास्टर घालून तो जुळतो. मग लिगामेंट का जुळू नये? गुडघ्याच्या बाजूचे लिगामेंट पुष्कळदा जुळतेसुद्धा. पण एसीएल असते सांध्याच्या आत, आणि तिथे वंगणासारखा एक द्रव सतत फिरत असतो. कुठलीही जखम भरायला आधी रक्त गोठून तिथे खपली धरावी लागते. इथे तो द्रव खपली धरूच देत नाही. शिवाय या लिगामेंटला रक्तपुरवठाही बेताचाच असतो. म्हणून तुटलेली टोके बहुधा तशीच लोंबकळत राहतात.

याचा अर्थ प्रत्येकाचे ऑपरेशन करावेच लागते, असा नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १२१ तरुणांचा अभ्यास करून तो २०१० साली प्रसिद्ध केला. काहींचे ऑपरेशन लवकर केले. उरलेल्या ५९ जणांना आधी नीट व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन करायचे ठरवले. दोन वर्षांत त्या ५९पैकी २३ जणांचे ऑपरेशन करावे लागले, बाकीच्यांचे नाही. आणि दोन्ही गटांचे गुडघे जवळजवळ सारखेच काम देत होते!

पण ज्याचा गुडघा वारंवार सटकतो, त्याच्या त्या दोन गाद्या फाटण्याचा धोका असतो. ज्याला पुन्हा कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन असे वळण्या-उड्यांचे खेळ खेळायचे आहेत, त्याला बरेचदा ऑपरेशनचा सल्ला मिळतो. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीच्या चकत्या असतात. त्यांना इजा झाली, तर पायाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मुलांचे ऑपरेशन त्या चकत्या सांभाळून करावे लागते. अशा कामाचा अनुभव असलेले डॉक्टर गाठणे चांगले.

दोरी आणायची कुठून?

नवी दोरी दुकानातून आणत नाहीत. ती बहुधा त्याच माणसाच्या पायातून घेतात. स्नायूला हाडाशी जोडणारी जी चिवट पांढरी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. गुडघा वाकवून मागच्या बाजूला हात लावा. दोरीसारखे काही ताठ लागते ना? त्या मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरा. त्यांतल्या आतल्या बाजूच्या एक-दोन कंडरा काढून, घडी घालून त्यांची जाड दोरी वळतात. काही वेळा वाटीखालच्या कंडरेची मधली पट्टी घेतात, तीही दोन्ही टोकांना हाडाचे छोटे तुकडे ठेवून. काही वेळा वाटीच्या वरची कंडराही वापरतात.

मग मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडायचे, त्यांतून ही दोरी ओवायची आणि स्क्रूने किंवा छोट्या बटणासारख्या तुकड्याने घट्ट बसवायची. हे सारे लहानशा छिद्रांतून, दुर्बिणीने आत पाहत केले जाते.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे सर्जन अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी गुडघ्यात ओवून नवे लिगामेंट तयार केले होते. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, टोकियोच्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. या दोन वाटा एकत्र यायला मात्र पुढची कित्येक दशके लागली.

‘पण मांडीची कंडरा काढून घेतली, मग तिथे काय उरलं?’ असा प्रश्न तुमच्यापैकी एखाद्याला नक्की पडला असेल. त्याचे उत्तर फार मजेदार आहे. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा उगवते ना? तशीच बऱ्याच जणांच्या मांडीमागची ती कंडरा हळूहळू पुन्हा तयार होते! ती अगदी पहिल्यासारखी नसते. त्यामुळे गुडघा पूर्ण वाकवण्याची ताकद काही काळ कमी भासते. वाटीखालची पट्टी घेतलेल्यांना गुडघे टेकून बसताना दुखू शकते. प्रत्येक दोरीची अशी थोडीफार किंमत मोजावी लागते.

फसवा काळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑपरेशन संपले, तेव्हा गुडघ्यात जी बसवली ती कंडरा आहे. तिचे लिगामेंट अजून व्हायचे आहे! ते काम डॉक्टर करत नाहीत, शरीर करते.

एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. राहणारी माणसे निघून गेली आहेत, भिंती आणि तुळया उभ्या आहेत. नवे बिऱ्हाड येते आणि डागडुजी सुरू होते. आधी कुजके वासे काढावे लागतात, मग नवे बसतात. मधल्या दिवसांत तो वाडा सर्वांत कमकुवत असतो. नव्या दोरीचेही तसेच होते. जागा बदलल्यामुळे तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिच्यातल्या पेशी मरतात. मागे राहतो तो धाग्यांचा सांगाडा. मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात आणि जुने धागे काढून नवे विणतात. ऑपरेशननंतर साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास ही दोरी सगळ्यांत नाजूक असते. पुढे ती घट्ट होत जाते आणि हे काम वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालते.

आता गंमत बघा. टाके दोनेक आठवड्यांत निघतात. कुबड्या सुटतात. तिसऱ्या महिन्यात मुलगा ऐटीत शाळेत चालत येतो. दुखत नाही, सूज नाही. ‘आता मी बरा झालो!’ असे त्याला मनापासून वाटते. आणि आत दोरी अजून कच्ची असते! वरून बरा दिसणारा गुडघा असा फसवतो.

मग काय पाय हलवायचाच नाही? छे, तसेही नाही. पूर्वी ऑपरेशननंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. मग गुडघा आखडायचा आणि मांडी काडीसारखी बारीक व्हायची. अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड शेलबॉर्न यांच्या ध्यानात आले, की सांगितलेले निर्बंध न पाळता लवकर हालचाल करणाऱ्या रुग्णांचे गुडघे उलट छान मोकळे होत आहेत! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली हे प्रसिद्ध केले. तेव्हापासून लवकर चालवण्याची, लवकर व्यायाम सुरू करण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे व्यायामाला उशीर करायचा नाही आणि खेळाला घाई करायची नाही. दोन्ही नियम एकदमच पाळायचे.

सर्वसाधारण क्रम असा असतो. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करता येणे आणि मांडीचे स्नायू जागे करणे. मग ताकद आणि तोल. तीन-चार महिन्यांच्या पुढे, फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली तर, सरळ रेषेत हळू धावणे. त्यानंतर उड्या आणि वळणे. सामना अगदी शेवटी. प्रत्येकाचा गुडघा वेगळा असल्याने नेमके वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे.

शंभर जणांचे पुढे काय झाले?

आता निकालाकडे वळू या. २०१४ साली काही संशोधकांनी ६९ अभ्यास एकत्र करून ७ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली. या ऑपरेशननंतर १०० पैकी ८१ जण कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले. दुखापतीपूर्वीच्या पातळीवर परतले ६५. स्पर्धेत पुन्हा उतरले ते ५५.

म्हणजे बहुतेक जण पुन्हा खेळू लागतात, पण सगळेच आधीसारखे खेळतात असे नाही. काहींचा गुडघा तयार असतो, पण मन धजत नाही. ‘पुन्हा तसंच झालं तर?’ ही भीती खरी असते. तिला भित्रेपणा म्हणून हसू नका.

ही भीती अगदीच निराधारही नाही. २५ वर्षांखालचे जे खेळाडू ऑपरेशननंतर मैदानात परतले, त्यांच्यातल्या १०० पैकी सुमारे २३ जणांची एसीएल पुन्हा दुखावली, त्याच गुडघ्यातली किंवा दुसऱ्या! हा आकडा २०१६ सालच्या एका पाहणीतला आहे. वाचून काळजात धस्स होते ना?

पण त्याच वर्षीचा दुसरा एक अभ्यास धीर देणारा आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १०६ रुग्णांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. नवव्या महिन्यापर्यंत खेळाडू जितका थांबला, तितका धोका कमी झाला. थांबलेल्या दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. याशिवाय त्यांनी एक परीक्षा ठेवली होती. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी आणि लंगडी घालून मारलेल्या उड्यांतही तेवढाच मेळ हवा. ही परीक्षा पास न होता खेळायला गेलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के जणांचा गुडघा पुन्हा दुखावला. पास झालेल्यांपैकी फक्त ५-६ टक्के जणांचा!

पाहिलंत? दोरी तशीच, ऑपरेशन तेच. फरक पडला तो थांबण्याने आणि व्यायामाने. आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

दोन जिद्दी मुली

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आपली कुस्तीगीर विनेश फोगाट उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या सुन यानानशी लढत होती. लढतीतच तिचा गुडघा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, पहिल्याच लढतीत तीच सुन यानान समोर आली. विनेशने तिला हरवले आणि पुढे सुवर्णपदकही मिळवले. आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात तिचा गुडघा पुन्हा दुखावला आणि मुंबईत शस्त्रक्रिया झाली. ती त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेला मुकली. पण पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिस ऑलिंपिकच्या मॅटवर होती आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याने ती बाद ठरली, हे तुम्हाला माहीतच आहे. पण गुडघ्याने तिला दगा दिला नव्हता.

दुसरी आहे स्पेनची बॅडमिंटनपटू कॅरोलिना मरिन. जानेवारी २०१९ मध्ये जकार्तालाच, आपल्या सायना नेहवालविरुद्ध अंतिम सामन्यात पुढे असताना तिची उजवी एसीएल तुटली. सप्टेंबरमध्ये ती परतली आणि त्याच महिन्यात चीनमधली स्पर्धा जिंकली! २०२१ साली डावा गुडघा गेला आणि टोकियो ऑलिंपिक हुकले. तरीही ती पुन्हा उभी राहिली. २०२२ साली ती युरोपची विजेती झाली, २०२४ साली तिने ऑल इंग्लंड जिंकली. पण त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे असताना, उजवा गुडघा पुन्हा दुखावला. तिला रडत कोर्ट सोडावे लागले. समोरची खेळाडू होती चीनची ही बिंगजियाओ. तिने रौप्यपदक घेताना हातात स्पेनचा छोटा बिल्ला धरला होता, मरिनसाठी.

या दोघींच्या कथा मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. गुडघा परत येतो, पण तशी हमी कुणी देत नाही, हे दोन्हींतून दिसते.

थोडे पालकांशी

पालकहो, सातव्या महिन्यात जिल्हास्तरीय सामने येतात. मूल म्हणते, ‘मला काही दुखत नाही, खेळू द्या ना.’ संघही अडलेला असतो, ग्रेस गुणांचाही विचार मनात येतो. त्या वेळी ‘नाही’ म्हणायला फार जड जाते. पण ते तुम्हालाच म्हणावे लागणार आहे. एका सामन्यासाठी पुन्हा ऑपरेशनची वेळ आली, तर पैसा, शाळा आणि मुलाची उमेद, तिन्हींवर घाला येतो. लिगामेंट एकदा तुटलेल्या गुडघ्याला, ऑपरेशन झाले तरी, पुढच्या आयुष्यात सांधेदुखीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून तो जपून वापरायचा.

शाळेलाही कळवा. काही महिने जमिनीवर मांडी घालून बसणे जमणार नाही, खुर्ची लागेल. वर्ग वरच्या मजल्यावर असेल, तर तोही सांगा. आम्ही शिक्षक एवढी सोय नक्की करू शकतो. मित्रांनो, दप्तर उचलायला तुम्ही आहातच! मैदानावर त्याला गुणलेखक करा, पंचाच्या शेजारी बसवा. खेळाडूला खेळापासून तोडू नका.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगायचे आहे. सारख्याच खेळात मुलींची एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आढळते. म्हणून मुलीचा खेळ बंद करायचा का? मुळीच नाही. तिला नीट उतरायला आणि वळायला शिकवायचे.

आजपासून काय कराल?

नॉर्वेमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींना सरावाआधी २० मिनिटांचे खास व्यायाम दिले. एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या, असे २००८ साली दिसून आले. यासाठी महागडे सामान लागत नाही. हळू धावणे, अर्ध्या बैठका, एका पायावर तोल सांभाळणे आणि उडी मारून अलगद उतरणे, एवढेच.

आरशासमोर उभे राहून एक छोटी उडी मारून पाहा. उतरताना गुडघे वाकले का? ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले, की आत एकमेकांकडे झुकले? ‘धप्प’ आवाज आला, की मांजरासारखे अलगद उतरलात? गुडघे आत झुकत असतील, तर खेळाच्या सरांना दाखवा आणि रोज सराव करा.

आणि तुमच्या वर्गात कुणी गुडघ्याचे ऑपरेशन करून परत आले असेल, तर ‘कधी खेळणार?’ असे रोज विचारून त्याला टोचू नका. त्याऐवजी विचारा, ‘आजचा व्यायाम झाला का?’ त्याच्या गुडघ्यातली दोरी अजून विणली जाते आहे. ती पक्की होईपर्यंत त्याला सोबत करा.